वरचे नऊ महिने

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतका मनापासून घाबरणारा माणूस अख्ख्या युरोपात सापडायचा नाही. आणि ब्रिटन बाहेर पडल्यावर जो काही युरोप उरला, त्यात तर शोधायचीही गरज नाही. तुम्ही-आम्ही घाबरतो ते प्रसंग आल्यावर. काका प्रसंगाच्या कितीतरी आधी घाबरून घेत, म्हणजे ऐन वेळी घाई नको. तसे ते माझे सख्खे काका नव्हेत. मी पिंपरीची, ते नागपूरच्या इंदोऱ्याचे. मी नेदरलँड्समधल्या झूटरमेरला राहायला आले त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये एक कानटोपीवाले गृहस्थ भेटले. माझ्या हातातल्या पार्सलवरचं आडनाव त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि "जय भीम" म्हणाले. मी उलट "जय भीम" म्हणते न म्हणते तोच पुढचा प्रश्न आला, "परमिट कधी संपते बेटा तुझं?" नाव नाही, गाव नाही, काय करतेस नाही. मी म्हटलं, "अजून चार वर्षं आहेत." त्यावर त्यांनी असा काही चेहरा केला की मला वाटलं, मी चार दिवस म्हटलं की काय! "चार वर्षं काहून म्हणतेस? मोजाले लागलं का संपतेच," म्हणाले आणि मजला आल्यावर माझ्या समोरच्याच दारात शिरले.

या माणसाला मुदत या गोष्टीचीच धास्ती. सुपरमार्केटमध्ये काका दुधाच्या कपाटासमोर उभे राहिले की मागे रांग लागायची, कारण ते पुढची बाटली कधी घेत नसत. हात खांद्यापर्यंत आत घालून अगदी मागची बाटली काढायची, तिच्यावरची तारीख मोठ्यानं वाचायची आणि ती तारीख उजाडायच्या दोन दिवस आधीच दूध बेसिनमध्ये ओतायचं. काकू म्हणायच्या, "अहो, दुधाला अजून माहीतही नाही आपण नासणार आहोत म्हणून!" दाताच्या डॉक्टरकडे जायचं असलं की काका आदल्या दिवशी त्याच ट्रामनं तिथवर जाऊन दार बघून यायचे. मी त्यांना सातला जेवायला बोलावलं की ते सहालाच खाली यायचे आणि इमारतीसमोरच्या बाकावर थंडीत कुडकुडत बसायचे. मी खिडकीतून हाका मारायची, "काका, वर या हो!" ते मनगटावरचं घड्याळ दाखवायचे, म्हणजे अजून वेळ आहे. एकदा मी चिडून खाली गेले आणि म्हटलं, "समोरासमोर दारं आहेत आपली, उशीर व्हायला मध्ये आहे काय?" तर म्हणाले, "लिफ्ट बंद पडली तं?" आता लिफ्टचा यात काय संबंध? पण काकांच्या भीतीला असले हिशेब चालत नसत. काकू मागून येत, ठरल्या वेळी, हातात गोळाभाताचं पातेलं घेऊन, आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणत, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. चला वर."

दुसरं वेड लॅमिनेशनचं. आपल्याकडे दहावीची मार्कशीट घरी आली की पहिल्यांदा ती प्लास्टिकमध्ये बंद होते आणि मग पेढे वाटले जातात. काकांनी ही रीत इथवर आणली होती. जेवणाच्या खोलीत मायक्रोवेव्हच्या शेजारी त्यांनी लॅमिनेशनचं यंत्र मांडलं होतं आणि दोन्ही सारख्याच वापरात असत. ट्रामचं वेळापत्रक, काकूंनी लिहिलेली सांडग्यांची कृती, माझ्या घराचा भाडेकरार (मी झेरॉक्स काढायला दिला होता, परत आला तो कडक होऊन), सगळं त्या यंत्रातून गेलेलं. कागदाला वारा लागला की तो मरतो, असं ते म्हणत. पुढे कोरोनाची लस घेतली तेव्हा इथल्या लोकांसारखी त्यांनीही लसीची पिवळी पुस्तिका काढली, पहिल्या डोसची नोंद करून आणली आणि घरी येऊन त्या पानाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवलं. दुसऱ्या डोसला नर्सबाई पेन घेऊन त्या पानावर घासताहेत, शाई काही धरत नाही, आणि काका दंडावरची बाही वर करून तसेच उभे. शेवटी बाईंनी वेगळी चिठ्ठी लिहून दिली. तीही त्यांनी आल्या आल्या लॅमिनेट केली.

पण या सगळ्यात देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा जपलेला जिन्नस म्हणजे पासपोर्ट. काका तरुणपणी नागपूरहून इंग्लंडला गेले, तिथं जहाजाच्या इंजिनांवर काम केलं, ब्रिटिश झाले आणि नंतर रॉटरडॅमच्या बंदरात नोकरी लागली म्हणून इकडे आले ते इथेच राहिले. डच पासपोर्ट का नाही घेतलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्यासाठी ब्रिटिश सोडावा लागते. एकदा सोडला ना आपला. मी भारतीय पासपोर्ट परत केला तेव्हा त्या बाबूनं माझ्यादेखत कात्रीनं त्याचा कोपरा कापला. कच्‌. तो आवाज अजून ऐकू येते मला. पुन्हा नाही." दोघांचेही पासपोर्ट काकांच्या कोटाच्या आतल्या खिशात असत. तो खिसा काकूंनी शिवून दिला होता आणि त्याला बटण होतं. पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, बायकोच्यासुद्धा, हा त्यांचा नियम. विमानतळावर खिडकीपाशी पोचल्यावर ते काकूंना त्यांचा पासपोर्ट काढून देत आणि खिडकी ओलांडली की तिथल्या तिथे परत घेत. मी हसायची. तर एकदा म्हणाले, "हस बेटा. माझ्या बापाला एका दाखल्यासाठी तहसीलीत किती खेपा घालाव्या लागल्या माहीत आहे? दाखला मिळाला तेव्हा अर्जाची तारीख उलटून गेली होती. कायदा चांगलाच असते. पण खिडकीच्या मागं कायदा नाही बसत, माणूस बसते." यावर माझं हसू जागच्या जागी थांबलं.

तर अशा माणसाला ब्रिटिश सरकारनं एक सोय करून ठेवली होती. तिथला पासपोर्ट दहा वर्षांचा. पण मुदत संपायच्या आधी अर्ज केला तर जुन्यातले उरलेले महिने, जास्तीत जास्त नऊ, नव्या पासपोर्टात वर जोडून मिळत. म्हणजे दहा वर्षं आणि वर नऊ महिने! काकांना तर हा नियम खास आपल्यासाठीच केलाय असं वाटे. ते दर खेपेला बरोबर नऊ महिने आधी अर्ज करत. पेन्शन आली, लेक डॉक्टर झाली, याचं त्यांना कौतुक होतंच. पण "वरचे नऊ महिने" म्हणताना त्यांच्या तोंडावर जे समाधान यायचं ते दुसऱ्या कशानं येत नसे. मग ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलं. पासपोर्ट तोच, फोटो तोच, छापलेली तारीखही तीच. पण नव्या वर्षापासून ब्रिटिश माणूस बाहेरचा ठरणार होता आणि बाहेरच्यांसाठी युरोपचा नियम असा की पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा. वरचे महिने धरायचे नाहीत. काकांनी ते वाचलं त्या दिवशी ते माझ्या दारात आले आणि नुसतेच उभे राहिले. मला वाटलं, नागपूरला कोणी गेलं. म्हणाले, "हिचा पासपोर्ट मेला बेटा. तारीख पुढची आहे, पण आतून मेला." काकांचा स्वतःचा बरीच वर्षं चालणार होता. काकूंच्या पासपोर्टाची दहा वर्षं मात्र उन्हाळ्यातच भरली होती आणि तो वरच्या महिन्यांवर चालला होता. आणि काकू इथे नव्हत्या, इंग्लंडात होत्या.

त्या गेल्या होत्या लेकीच्या बाळंतपणाला, लेस्टरला. महामारी यायच्या तोंडावर गेल्या. सव्वा महिन्यानं परत यायचं ठरलं होतं. नातू झाला, बारसं फोनवरच झालं आणि सगळं जग बंद झालं. काकूंचा पासपोर्ट पहिल्यांदाच काकांच्या खिशातून निघून दुसऱ्या देशात जाऊन बसला. इकडे त्या शिवलेल्या खिशात एकटा पडलेला स्वतःचा पासपोर्ट काका दिवसातून दहादा चाचपत. बाहेर फिरून आले की हात धुवायचे आणि मग सॅनिटायझरचा बोळा घेऊन पासपोर्ट पुसायचे. महिनाभरात त्याच्या कव्हरवरची सोनेरी अक्षरं उडाली. सगळ्यात आधी गेली ती वरची ओळ, युरोपियन युनियन. तिकडे त्यांची पार्लमेंट वर्षानुवर्षं भांडत बसली आणि इकडे आमच्या काकांनी ते काम बोळ्यानं उरकलं! मला हसू आवरेना. त्यांचं मात्र धाबं दणाणलं, खराब झालेला पासपोर्ट चालत नाही म्हणून. त्या दिवसापासून पासपोर्ट पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा तांदळात.

उन्हाळ्यात सगळं जरा सैलावलं, विमानं उडू लागली. मी म्हटलं, "काका, आता काकूंना बोलवा." काका म्हणाले, "पासपोर्टाचं बघावं लागते." बघायचं काय होतं, तर नऊ महिने आधी अर्ज करायची वेळ नेमकी तेव्हाच आली होती. पण अर्ज करायचा म्हणजे जुना पासपोर्ट पोस्टानं पाठवायचा. कचेऱ्या अर्ध्या बंद, टपाल रखडलेलं. परदेशात, महामारीत, बायकोच्या हातातला पासपोर्ट पोस्टाच्या पेटीत टाकायला सांगायचा? काकांच्या दोन भीती समोरासमोर उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच या माणसानं म्हटलं, नंतर बघू. काकूही फोनवर म्हणत, "थांबते अजून जरा. पोरीची ड्युटी सुरू झाली हॉस्पिटलात, बाळाकडे कोण बघणार?" काका म्हणत, "हो हो, थांब. तसंही पासपोर्टाचं आहेच." रोज संध्याकाळी ते माझ्याकडे यायचे, मास्क लावून दारातच खुर्ची टाकून बसायचे आणि मला नियम समजावून सांगायचे. इथल्या रहिवाशांना सूट आहे, हे त्यांना पाठ होतं. काकू इतकी वर्षं इथे राहिल्या, त्यांचं नाव इथल्या नगरपालिकेत आहे, त्यांना कोणी अडवू शकत नाही. हे सगळं सांगून झालं की स्वतःच म्हणायचे, "पण खिडकीच्या मागं माणूस बसते." मी म्हणायची, "अहो, ते काय राक्षस आहेत का?" तेव्हा म्हणायचे, "नाही. घाईत असतात." खरं सांगते, ते निघून गेले की मलाही कसंसंच व्हायचं. घरात एकटी, ऑफिस लॅपटॉपात, आई-बाबा पिंपरीला, आणि मधल्या सगळ्या खिडक्यांमागे कोणीतरी घाईत बसलेलं.

शेवटी काकूंनीच ठरवलं, नाताळच्या आधी येते. जुने नियम संपायच्या आत. काकांनी नगरपालिकेतून काकूंच्या पत्त्याचा दाखला आणला, लॅमिनेट केला आणि कुरिअरनं लेस्टरला धाडला. तिकीट निघालं. आणि नाताळच्या आधीच्या रविवारी सकाळी बातमी, तिकडे विषाणूची नवी जात निघाली, इंग्लंडची विमानं बंद! काका दारात आले. मी चहा दिला, तो त्यांनी धरून ठेवला, प्यायले नाहीत. दोन-चार दिवसांत दार किलकिलं झालं, चाचणी निगेटिव्ह असेल तर या म्हणाले. काकूंनी चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. ताप फार नव्हता, पण घराबाहेर पडायचं नाही. त्यातच वर्ष उलटलं. एकतीस तारखेला खाली पोरंटोरं बंदी असूनही फटाके उडवत होती आणि काका अंधारात गॅलरीत उभे होते. मी माझ्या गॅलरीतून ओरडले, "काका, हॅपी न्यू इयर!" ते म्हणाले, "मेला बेटा पासपोर्ट." त्या क्षणी मला त्यांचं हसू आलं नाही. काकूंचं काही बरंवाईट झालं तर, ही भीती माझ्याही मनात होती आणि ती मी त्यांच्याजवळ बोलू शकत नव्हते.

जानेवारीत काकू बऱ्या झाल्या, चाचणीचे कागद मिळाले, पुन्हा तिकीट निघालं. मी काकांना माझ्या गाडीतून स्किपोलला नेलं. विमान दुपारचं, आम्ही सकाळीच हजर; हे सांगायला नकोच. एवढा मोठा विमानतळ, पण सगळीकडे शुकशुकाट. काकांच्या काखेत फाइल. काकूंचा फोन आला, लेस्टरकडच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट उलटासुलटा करून पाहिला, वरच्या साहेबांना विचारून आली आणि एकदाचं बसू दिलं. म्हणजे एक खिडकी पार झाली, एक उरली. विमान उतरलं. माणसं बाहेर येऊ लागली, मोजकीच होती. एक म्हातारं जोडपं आलं, एक बाई मूल घेऊन आली, सायकलची पेटी ढकलत एक पोरगा आला. मग दार मिटलं ते मिटलंच. काकूंचा फोन लागेना. मी म्हटलं, "सामान यायला उशीर होत असेल." बराच वेळ गेला. इथून परत पाठवतात, असं ऐकून होते. एवढ्या आजारातून उठलेल्या बाईला खोलीत बसवून ठेवलं असेल तर?

आणि मग काका हळूच म्हणाले, "बेटा, मला कागदाची भीती नव्हती." मला वाटलं, मास्कमुळे मला नीट ऐकू आलं नाही. "उन्हाळ्यात विमानं चालू होती," ते म्हणाले. "ती आली नाही. मी म्हणत होतो, पासपोर्टाचं आहे, पासपोर्टाचं आहे. तीही हो म्हणत होती. तिकडं तिचा नातू आहे, लेक आहे, घर भरलेलं आहे. इकडं काय आहे? तारखा वाचणारा एक म्हातारा. नियमानं अडवलं तं मी नियमाशी भांडीन. पण तिलाच यावं वाटलं नाही तं कोणत्या खिडकीवर जाऊ?" मी त्यांच्या हातातली फाइल माझ्याकडे घेतली, कारण ती खाली पडत होती. इतके महिने हा माणूस रोज माझ्या दारात बसून मला युरोपचे नियम शिकवत होता आणि मी वेडी खरंच नियम शिकत होते!

दार उघडलं. काकू आल्या; अंगावर लांब कोट, खाली साडीचा काठ, ट्रॉलीवर दोन बॅगा आणि वर लोणच्याची बरणी बांधलेली. वाळल्या होत्या. पण चाल तीच, ठरल्या वेळी आल्यासारखी. जवळ आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "मास्क नाकावर घ्या." काकांनी मास्क वर केला. मिठी वगैरे मारतील असं मला वाटलं होतं. काकांनी हात पुढे केला तो पासपोर्टासाठी. "आण इकडं. शिक्का मारला का?" आता या शिक्क्याचंही एक होतं. बाहेरच्या पाहुण्याच्या पासपोर्टावर शिक्का मारतात, म्हणजे नव्वद दिवस राहा आणि निघा. इथं राहणाऱ्याच्या पासपोर्टावर मारायचा नसतो. काकांनी एकेक पान उलटलं, उजेडात धरून पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून उलटलं. शिक्का नव्हता. "कोरं आहे," ते म्हणाले, "पाह्य बेटा, कोरं पान आहे. घरचं माणूस आहे." आणि तिथेच, ट्रॉलीच्या दांड्यावर कपाळ टेकवून काका रडायला लागले. काकू त्यांच्या पाठीवर थोपटत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "गाडी कुठं लावलीस गं?"

गाडीत त्यांनी आतली हकीकत सांगितली. खिडकीतल्या तरुण पोरानं शिक्का उचलला होता. काकूंनी लॅमिनेट केलेला दाखला पुढे केला, तर तो म्हणाला, हे काय जेवणाच्या ताटाखाली घालायचं आहे का? मग विचारलं, घरी कोण असतं? "मी म्हटलं, बाबा, नवरा असतो. बाहेर उभा आहे सकाळपासून. फार भित्रा आहे. तू शिक्का मारलास तर तो ते पान बघून इथंच आडवा होईल, आणि मग तुलाच त्याला उचलावं लागेल." पोरगा हसला, शिक्का खाली ठेवला, साहेबाला बोलावलं, कॉम्प्युटरवर पत्ता बघितला, उशीर झाला तो त्यानंच. मागच्या सीटवर काका डोळे पुसत म्हणाले, "भित्रा काहून सांगितलं?" काकू म्हणाल्या, "खोटं बोलू सरकारी माणसाशी?" घर येईपर्यंत पासपोर्ट काकांनी हातातच धरला होता.

मग ते दिवस फार छान गेले. महामारी होतीच, संचारबंदी लागली, दुकानं बंद, पण समोरच्या दारातून फोडणीचा वास यायला लागला आणि मला झूटरमेर गाव वाटू लागलं. दोघांनाही रहिवासाची नवी कार्डं मिळाली. काकूंचा नवा पासपोर्ट आला, गडद निळा. वरचे महिने देणं आता बंद झालंय, हे काकांना माहीत होतं. तरी त्यांनी तारखा बोटांवर मोजून पाहिल्या. "दहा म्हणजे दहाच," म्हणाले. रोज संध्याकाळी काकू टॅब्लेटसमोर बसत. पलीकडे नातू आधी धरून उभा राहायला लागला, मग हात सोडून. तो चालला त्या दिवशी काकूंनी काचेवर बोट ठेवलं, त्याला धरायला. मी तिथं होते, काकाही होते. काका उठले आणि आत जाऊन उगाचच यंत्राचं बटण चालू-बंद करत बसले.

पानं गळायच्या सुमारास मी त्यांना नेहमीप्रमाणे सातला जेवायला बोलावलं. सहाला खिडकीतून पाहिलं, बाक रिकामा. सात वाजले, सव्वासात झाले, साडेसात. समोरचं दार वाजवायला धावणार तेवढ्यात दोघं आले. "काका, उशीर? तुम्हाला?" मी जवळजवळ ओरडलेच. ते बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आम्ही लेस्टरला जायचं म्हणतो. राहायलाच." काकू ताटाकडे बघत होत्या. "मी एक शब्द बोललेली नाही हो. यांनीच काढलं," म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो काका, आणि कार्ड? ज्यासाठी एवढा जीव काढलात ते? पाच वर्षं बाहेर राहिलात तर जाईल ना ते!" काका म्हणाले, "जाईल. एकदा ती आली ना माझ्यासाठी, सगळं भरलेलं घर सोडून. आता माझी पाळी." मी विचारलं, "आणि भीती नाही वाटत?" तर म्हणाले, "वाटते ना! रात्रभर वाटते. पण मधात समुद्र ठेवून घाबरून पाहिलं बेटा, ते नाही जमत. हिच्या शेजारी बसून घाबरीन." काकूंनी त्यांच्या पानात भाकरी वाढली. मला मात्र त्या रात्री एक घास गोड लागला नाही.

ऑक्टोबरात मी त्यांना स्किपोलला सोडलं. लॅमिनेशनचं यंत्र माझ्या घरी आलं होतं, "तुझ्या परमिटाला लागेल" म्हणून. आत जायच्या दारापाशी काकांच्या काखेत काही नव्हतं. कोटाच्या आतल्या खिशाचं बटण उघडंच होतं. "काका, पासपोर्ट? तांदळात तर नाही ना राहिला?" काकांनी खिसा चाचपलासुद्धा नाही. म्हणाले, "हिच्याजवळ आहेत. दोन्ही." आणि काकूंची पर्स खांद्यावरून घसरत होती ती त्यांनी नीट सारखी करून दिली, उघडून बघितली नाही. मग दोघं रांगेत गेले. दिसेनासे होईपर्यंत मी तिथेच थांबले.

परतताना गाडीत हिशेब केला. जानेवारी ते ऑक्टोबर, नऊ महिने. काकू सव्वा महिन्याच्या बोलीनं गेल्या होत्या, त्या तिथेच राहिल्या असत्या तरी कोणाला काही म्हणता आलं नसतं. मधले हे दिवस ठरलेल्या मुदतीत कुठेच बसत नव्हते. ते वर मिळालेले होते. युरोपनं काकूंचे धरले नाहीत, पण मी माझे धरते. घरी आले तेव्हा बाकावर कोणी नव्हतं. जेवायला तासभर वेळ होता म्हणून मी तिथेच बसून राहिले.